फाइल एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाताना का बिघडते?

शाळेचे निकालपत्रक, पंचायतीच्या घरपट्टीची यादी, नमुना १ व १४ च्या उताऱ्याची प्रत, रहिवासी दाखल्याच्या अर्जासोबत जोडावयाचे छायाचित्र ही सर्व कामे आता संगणकावर होतात. त्यामुळे कागद कमी झाला आणि लोकांचे हेलपाटेही काही प्रमाणात वाचले. तथापि या सोयीबरोबर एक नवी तक्रार कार्यालयांच्या खिडक्यांपाशी ऐकू येऊ लागली आहे. गावातील संगणकावर नीट उघडणारी फाइल तालुक्याच्या संगणकावर उघडत नाही. छायाचित्राचा वरचा पट्टा तेवढा दिसतो आणि खाली नुसता करडा रंग पसरलेला असतो. यादीतील शेवटचे नाव दोनदा छापले जाते. पेनड्राइव्हवर फाइलीचे नाव असते, पण आत काहीच नसते. अशा वेळी बहुधा ‘व्हायरस असेल’ असे म्हणून विषय मिटविला जातो व अर्जदारास पुन्हा यावयास सांगितले जाते. वास्तविक यांपैकी बहुतेक तक्रारींशी व्हायरसचा काहीही संबंध नसतो. त्यांची कारणे थोडी आहेत, ठरावीक आहेत, आणि ती समजून घेतल्यास दोष कोठे शिरला हे फाइलीकडे पाहूनच पुष्कळदा सांगता येते.

संगणकाच्या दृष्टीने कोणतीही फाइल ही आकड्यांची एक लांब रांग असते. रांगेतील प्रत्येक घराला बाइट म्हणतात आणि त्यात ० पासून २५५ पर्यंतची एखादी संख्या मावते. मजकुराच्या फाइलीत या संख्या अक्षरांच्या जागी उभ्या असतात. छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा दाबून लहान केलेली फाइल असेल तर त्याच संख्यांचा अर्थ रंग, आवाज किंवा अन्य काही असा होतो. अशा दुसऱ्या प्रकारच्या फाइलींना बायनरी फाइल म्हणण्याचा प्रघात आहे. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, हा भेद रांगेत कोठेही लिहिलेला नसतो. तो फाइल उघडणाऱ्या आज्ञावलीने, म्हणजे प्रोग्रॅमने, मनाशी ठरवावयाचा असतो, आणि ती चुकली की बिघाडास आरंभ होतो.

ओळ कोठे संपते?

ज्यांनी सरकारी कचेरीत मराठी टंकलेखन यंत्रावर काम केले आहे, त्यांस ओळ बदलणे म्हणजे दोन हालचाली हे सांगावयास नको. गाडा उजवीकडे सरकवून ओळीच्या आरंभाशी आणावयाचा आणि कागद एक ओळ वर घ्यावयाचा. तारायंत्राशी जोडलेल्या टेलिप्रिंटरमध्ये या दोन हालचालींसाठी दोन वेगळे संकेत होते. गाडा परत आणण्याचा संकेत १३ आणि कागद वर घेण्याचा संकेत १०. पुढे संगणक आले, गाडा गेला, पण हे दोन आकडे मात्र राहून गेले.

त्यांचे काय करावयाचे, याविषयी निरनिराळ्या कार्यप्रणालींनी निरनिराळे निर्णय घेतले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली आरंभ झालेल्या युनिक्स प्रणालीने १० हा एकच आकडा पुरेसा मानला. लिनक्स आणि अँड्रॉइड त्याच वाटेने गेले. १९७४ च्या सुमारास तयार झालेल्या सीपी-एम या प्रणालीने १३ व १० हे दोन्ही आकडे ठेवले. तो वारसा एमएस-डॉसकडे आणि तेथून विंडोजकडे आला. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉश यंत्रांनी तर केवळ १३ वापरला. २००१ साली आलेल्या मॅक ओएस टेन या प्रणालीपासून तेही युनिक्सप्रमाणे १० वर आले. तीन घरांचे तीन रिवाज, आणि प्रत्येक घराला आपलाच रिवाज स्वाभाविक वाटतो.

सी ही संगणकभाषा युनिक्सच्या घरात वाढलेली. तिच्या हिशेबी ओळ संपते ती १० या आकड्याने. ती विंडोजवर आली तेव्हा मधे एक दुभाषी बसविण्यात आला. आज्ञावलीने १० लिहिला की हा दुभाषी फाइलीत १३ आणि १० असे दोन आकडे टाकतो आणि वाचताना त्या दोहोंचा पुन्हा एक करतो. पत्र किंवा यादी असेल तर हे काम निमूटपणे व ठीक होते. परंतु हाच दुभाषी छायाचित्राच्या फाइलीवर बसला तर? तेथील १० म्हणजे ओळीचा शेवट नव्हे. तो आकाशाच्या निळ्या रंगाचा अंश असेल किंवा आणखी काही असेल. दुभाष्यास ते कळत नाही. दिसेल त्या १० च्या आधी तो एक १३ घुसडतो आणि पुढची सारी रांग एक घर सरकते.

या घुसखोरीचा हिशेब मांडता येतो. दाबून लहान केलेल्या फाइलीत २५६ संभाव्य आकडे साधारणतः सारख्या प्रमाणात येतात. म्हणजे १०,४८,५७६ बाइटांच्या, अर्थात एक मेगाबाइटच्या फाइलीत १० हा आकडा सुमारे ४,०९६ वेळा येणार. दुभाष्याच्या हातून गेल्यावर ती फाइल तेवढ्याच बाइटांनी फुगते. मूळ फाइल आणि पोहोचलेली फाइल यांचे आकारमान ताडून पाहावे. वाढ सुमारे २५६ व्या हिश्श्याएवढी असेल तर रोगनिदान झालेच म्हणून समजावे.

याच्या उलट, फाइल आखूड होत असेल तर २६ या आकड्याकडे पाहावे. सीपी-एम प्रणाली फाइलीचे माप १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत करीत असे. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कोठे संपला हे दर्शविण्यासाठी २६ हा आकडा पूर्णविरामासारखा घालीत. ती गरज केव्हाच संपली. तथापि विंडोजवरील सी भाषेचा दुभाषी आजही मजकूर म्हणून उघडलेल्या फाइलीत २६ दिसला की ‘फाइल संपली’ असे सांगून वही मिटतो. छायाचित्रात हा आकडा पहिल्या काही शेकडा बाइटांतच कोठेतरी भेटतो. त्यामुळे कित्येक लाख बाइटांच्या फाइलीतून दोन-तीनशे बाइट वाचून आज्ञावली थांबते आणि चूक झाल्याचे चकार शब्दाने सांगत नाही.

उपाय एका अक्षराचा आहे. सी भाषेत फाइल उघडताना ‘बी’ हे अक्षर जोडले की दुभाषी बाजूला होतो व आकडे जसेच्या तसे जातात. १९८९ च्या अमेरिकन मानकात या अक्षरास मान्यता मिळाली. लिनक्सवर त्या अक्षराने काहीच फरक पडत नाही, आणि खरी अडचण हीच आहे. लिनक्सवर शिकलेला विद्यार्थी ते लिहावयास विसरला तरी त्याचे काम बिनबोभाट चालते. तीच आज्ञावली विंडोजवर नेली की बिघडते, आणि दोष विंडोजच्या माथी मारला जातो.

पीएनजी या चित्रप्रकाराच्या कर्त्यांनी मात्र या जुन्या दुखण्याची आधीच दखल घेतली. १९९६ साली प्रमाणित झालेल्या या प्रकारातील प्रत्येक फाइलीचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यांतील ८०, ७८ व ७१ म्हणजे पी, एन व जी ही रोमन अक्षरे. वाटेत कोणी सात अंकी मार्गाने फाइल नेली तर १३७ मोडतो. कोणी १३-१० चा नुसता १० केला तर तेथे कळते. कोणी शेवटच्या एकट्या १० चा १३-१० केला तर तेही लगेच कळते. मधला २६ डॉसच्या पडद्यावर फाइल चुकून छापली गेल्यास छपाई थांबवितो. टपाल थैलीवरील लाखेच्या मोहरेप्रमाणे हे आठ बाइट वाटेतल्या हस्तक्षेपाची साक्ष देतात. उच्च माध्यमिक वर्गाच्या संगणक शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखादे चित्र हेक्स संपादकात उघडून हे आठ आकडे अवश्य दाखवावेत. त्या एका तासात पुस्तकाच्या पुष्कळ पानांचे काम होते.

मराठी मजकुराची विशेष अडचण

आतापर्यंतचे विवेचन छायाचित्रांचे झाले. मराठी मजकुराला या गोष्टी लागू नाहीत असे समजणे चुकीचे ठरेल. युनिकोड या सर्वमान्य लिपीसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास क्रमांक आहे. ते क्रमांक फाइलीत लिहिण्याच्या मात्र एकाहून अधिक पद्धती आहेत. विंडोजच्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ या नावाने जो पर्याय पुष्कळ वर्षे होता, त्यात प्रत्येक चिन्हासाठी दोन बाइट खर्च होत. या पद्धतीत ‘ऊ’ हे अक्षर १० व ९ असे आणि ‘च’ हे अक्षर २६ व ९ असे लिहिले जाते.

हे दोन आकडे वाचकांस आता परिचयाचे झाले आहेत. ऊस उत्पादकांची यादी अशा फाइलीत असेल आणि ती दुभाष्याच्या हातून लिहिली गेली, तर ‘ऊस’ या शब्दाचे १०, ९, ५६, ९ हे चार बाइट १३, १०, ९, ५६, ९ असे पाच होतात. जोड्या चुकतात. ९ व ५६ अशी नवी जोडी जमते आणि पडद्यावर चिनी लिपीतील चिन्ह उभे राहते. ‘च’ ची गोष्ट तर याहून वाईट. चवथीच्या सुट्टीचे परिपत्रक वाचताना आज्ञावली पहिल्या ‘च’ पाशीच फाइल संपल्याचे जाहीर करील, आणि मराठीत ‘च’ टाळून एक परिच्छेदही लिहिणे अवघड आहे.

यूटीएफ-आठ या दुसऱ्या पद्धतीत ही आपत्ती नाही. तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात व ते सर्व १२७ च्या वरचे असतात. त्यामुळे १०, १३ किंवा २६ हे आकडे अक्षराच्या पोटात कधीच येत नाहीत. २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडनेही ही पद्धत मूलतः स्वीकारली आहे. जागा थोडी अधिक लागते, परंतु सरकारी कामासाठी ही पद्धत सोडून दुसरी वापरण्याचे आज कारण उरलेले नाही.

तरी यूटीएफ-आठमध्येही एक खाच आहे आणि ती समजण्यासाठी बफर म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

फेरीबोट आणि बफर

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट एकेका प्रवाशासाठी धक्का सोडीत नाही. काही माणसे व काही दुचाक्या चढल्या की ती निघते. संगणकही तसेच करतो. डिस्क किंवा पेनड्राइव्ह हा स्मृतीच्या मानाने फारच मंद असतो. प्रत्येक बाइटासाठी तेथवर खेप घातली तर काम कधी पुरे होणार नाही. म्हणून आज्ञावली लिहावयाचे बाइट आपल्याजवळच्या एका तात्पुरत्या साठ्यात जमवीत राहते. हा साठा म्हणजे बफर. अनेक ठिकाणी तो ४,०९६ किंवा ८,१९२ बाइटांचा असतो. तो भरला की एकदम पुढे ढकलला जातो.

आता मराठी मजकूर वाचताना ४,०९६ बाइटांची एक खेप आली असे समजू. सलग देवनागरी मजकुराची १,३६५ चिन्हे त्यात बसतात आणि एक बाइट उरतो. हा उरलेला बाइट पुढच्या चिन्हाचा पहिला तुकडा असतो. त्याचे दोन सोबती पुढच्या खेपेत येणार असतात. आज्ञावलीने प्रत्येक खेप स्वतंत्रपणे वाचली तर त्या ठिकाणी काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते आणि थोड्या थोड्या अंतराने हा प्रकार घडत राहतो. इंग्रजी मजकुरात एका अक्षरास एकच बाइट लागत असल्यामुळे असा तुकडा कधी पडत नाही. म्हणून इंग्रजीवर तपासून ‘निर्दोष’ ठरविलेली आज्ञावली मराठीत उघडी पडते. अशी आज्ञावली तयार करून घेणाऱ्या कार्यालयांनी ती काही पाने भरतील एवढ्या मराठी मजकुरावर तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

लिहिण्याच्या बाजूने बफरचा धोका निराळा आहे. येथे एक नव्हे, तीन टप्पे असतात. पहिला साठा आज्ञावलीचा, दुसरा कार्यप्रणालीचा, तिसरा खुद्द डिस्कच्या आत. आज्ञावलीने ‘लिहिले’ असे म्हटले तरी बाइट पहिल्याच टप्प्यावर थांबलेले असू शकतात. त्या क्षणी आज्ञावली बंद पडली तर ते गेले. पोहोचलेल्या फाइलीचे आकारमान ४,०९६ च्या नेमक्या पटीत असेल आणि शेवट अर्धवट असेल, तर शेवटचा साठा ढकलला जाण्यापूर्वीच आज्ञावली मेली, असा कयास बांधावा.

सी भाषेतील एफफ्लश ही आज्ञा पहिला साठा रिकामा करते, पण तेवढाच. बाइट आता कार्यप्रणालीकडे आले, डिस्कवर नव्हे. लिनक्सच्या सर्वसाधारण मांडणीत ते सुमारे ३० सेकंद तेथेच स्मृतीत थांबू शकतात. मधेच वीज गेली, आणि पावसाळ्यात हे नवलाचे नाही, तर फाइलीचे नाव नोंदलेले व पोट रिकामे अशी स्थिती होते. डिस्कपर्यंत पोहोचविण्यास युनिक्स कुळात एफसिंक आणि विंडोजवर फ्लशफाइलबफर्स या आज्ञा आहेत. मॅकवर एफसिंक देखील डिस्कच्या आतल्या साठ्यापुढे जात नाही, त्यासाठी तेथे निराळी आज्ञा आहे. एकाच नावाच्या आज्ञेने दोन ठिकाणी दोन अर्थ धारण करावेत, हा प्रकार प्रशंसनीय म्हणता येणार नाही. पण वस्तुस्थिती तशी आहे.

पेनड्राइव्ह एकदम उपटून काढण्याची सवय याच कारणाने घातक आहे. २०१८ मधील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी साठा न जमविता लिहिण्याची पद्धत मूलतः लागू झाली, त्यामुळे विंडोजवर धोका कमी झाला. लिनक्सवर मात्र पडद्यावरील प्रत घेण्याची पट्टी पूर्ण भरली तरी काम चालूच असते. ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना देऊन परवानगी मिळेपर्यंत थांबणे हाच तेथे मार्ग होय.

महत्त्वाच्या नोंदवहीची फाइल बदलताना जुन्या फाइलीवरच लिहू नये. नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण लिहावी, डिस्कवर पोहोचवावी आणि मग तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावे. वीज केव्हाही गेली तरी जुनी किंवा नवी, एक फाइल अखंड राहते. येथेही प्रणालीभेद आहे. युनिक्स कुळात नाव बदलण्याची साधी आज्ञा जुन्या फाइलीची जागा घेते. विंडोजवर सी भाषेची तीच आज्ञा, त्या नावाची फाइल आधी असल्यास, नकार देते. पायथन भाषेत ‘रिप्लेस’ ही आज्ञा दोन्हीकडे चालते.

यादीतील शेवटचे नाव दोनदा येण्याचे कारण शिक्षकांस परिचित असेल. ‘फाइल संपली का?’ असे आधी विचारून मग वाचण्याची पद्धत चुकीची आहे, कारण फाइल संपल्याचे वाचण्याचा प्रयत्न फसल्यानंतरच कळते. शेवटची नोंद वाचून झाल्यावरही उत्तर ‘नाही’ असेच येते. पुढचा प्रयत्न फसतो आणि हातात राहिलेली जुनीच नोंद पुन्हा छापली जाते. किती बाइट वाचले गेले तो आकडा प्रत्येक वेळी पाहावा, एवढेच पुरेसे आहे. त्याचप्रमाणे एकाच फाइलीत लिहिणे व वाचणे आलटून पालटून करावयाचे असेल, तर मधे जागा नव्याने निश्चित करण्याची एफसीक ही आज्ञा देणे सी भाषेच्या नियमाने बंधनकारक आहे. ती न देता एखाद्या यंत्रावर काम झाले, तर तो निव्वळ योगायोग समजावा.

आकडे उलटे वाचणे

२५५ हून मोठी संख्या एका बाइटात मावत नाही, दोन बाइट लागतात. त्यांतील मोठा भाग आधी लिहावा की लहान, याविषयीही एकमत नाही. गोवा मुक्तीचे वर्ष १९६१ हे ७ आणि १६९ अशा दोन बाइटांत लिहिता येते, कारण ७ गुणिले २५६ अधिक १६९ म्हणजे १९६१. इंटेलची यंत्रे १६९ आधी लिहितात. आयबीएमचे मोठे संगणक आणि इंटरनेटचे मूळ नियम ७ आधी लिहितात. एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचले की १९६१ चे ४३,२७१ होतात. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १९८० साली या वादास गलिव्हरच्या कथेतील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे या भांडणाचे नाव दिले, व तेच रूढ झाले. फाइलीतील तारखा किंवा रकमा अशक्य वाटण्याइतक्या मोठ्या दिसू लागल्या तर हा संशय प्रथम घ्यावा. त्याचबरोबर हेही पाहावे की, सी भाषेतील ‘लाँग’ ही संख्या चौसष्ट अंकी विंडोजवर ४ बाइटांची आणि चौसष्ट अंकी लिनक्सवर ८ बाइटांची असते. फाइलीचा आराखडा ठरविताना संख्येची लांबी व क्रम स्पष्ट लिहून ठेवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

तक्रार आल्यावर

फाइल बिघडल्याची तक्रार आली की प्रथम मूळ व पोहोचलेली अशा दोन्ही फाइलींचे आकारमान बाइटांत पाहावे. किलोबाइटांत पाहू नये, कारण तेथे लहान फरक लपतो. आकार शून्य असेल तर पेनड्राइव्ह घाईने काढला गेला किंवा वीज गेली असावी. थोडा वाढला असेल तर १३ ची घुसखोरी, फारच घटला असेल तर २६ चा अडथळा. विंडोजवर तयार केलेल्या तक्त्यात प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ दिसत असेल, तर ओळ बदलण्याचे चिन्ह दोनदा घातले गेले आहे. पायथन भाषेत फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ हा पर्याय रिकामा ठेवल्यास ते थांबते. जुन्या एफटीपी पद्धतीने फाइल पाठविली असल्यास ती मजकूर म्हणून गेली की बायनरी म्हणून, हे पाठविणाऱ्यास विचारावे.

आकार तंतोतंत सारखा असूनही शंका राहिल्यास विंडोजवर ‘सर्टयूटिल’ आणि लिनक्सवर ‘शा-२५६-सम’ या आज्ञेने फाइलीचा ६४ चिन्हांचा ठसा काढता येतो. त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, आणि ठसा दूरध्वनीवरूनही ताडून पाहता येतो. दोन्हीकडचे ठसे जुळले तर फाइल अखंड पोहोचलेली आहे. मग दोष ती उघडणाऱ्या कार्यालयाच्या आज्ञावलीत शोधावा लागतो, आणि अर्जदारास नवी प्रत आणावयास सांगण्याचे कारण राहत नाही.